वास नसलेली गाडी

नाकोबाबद्दल लोक आता वाट्टेल ते बोलतात. कोणी म्हणतं त्याचं नाक गेलं, कोणी म्हणतं डोकं गेलं. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्याचं खरं नावही ठाऊक नाही. मी त्याच्या शेजारी एकोणीस वर्षं काढली आहेत, भिंतीला भिंत लागून, तेव्हा सांगायचंच तर मी सांगतो. त्याचं नाक शाबूत आहे आणि डोकंही शाबूत आहे. वाईट आहे ते तेच.

आमचं काम जुन्या मोटारींच्या आवारात. मालक जुन्या गाड्या घेतो, नटवतो आणि विकतो. पुढच्या बाजूला मेकॅनिक, त्याच्यामागे रंगवाला, आणि अगदी मागे कुंपणाला टेकून पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत मी सीटकव्हरं शिवतो. मला सगळे टेलर म्हणतात. दुसरी खोली नाकोबाची. गाडीच्या आतला वास घालवायचा, एवढंच त्याचं काम. हे नाव मेकॅनिकनं पाडलं. पहिल्यांदा नाकोबानं खूप आदळआपट केली, मग हाक मारली की ओ द्यायला लागला.

गाडी आली की तो ती आधी उन्हात लावायचा, सगळ्या काचा बंद करून. दुपारी पत्रा चांगला तापला की आत शिरायचा आणि दार ओढून घ्यायचा. त्या दिवशी सकाळपासून चहा नाही, अंगाला साबण नाही, डोक्याला तेल नाही. आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसायचा, मग शेजारी, मग मागे, आणि शेवटी सीटच्या खाली डोकं घालून पाय बाहेर. आम्ही दात काढत बघत असायचो. पंधरा मिनिटांनी घामानं निथळत बाहेर यायचा आणि सांगायचा, "मागे डावीकडे दूध सांडलंय, दोनेक महिने झाले. घरात लहान मूल आहे. आणि पुढे बसणारा कोणीतरी चोरून सिगरेट ओढतो."

हे त्यानं एकदा गाडी विकायला आलेल्या नवराबायकोच्या तोंडावरच सांगितलं. बाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. त्या दिवशी ती गाडी काही विकली गेली नाही, आणि मालकानं नाकोबाला महिनाभर गिऱ्हाइकासमोर यायची बंदी केली.

आरशाला सुगंधी पुठ्ठे टांगणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. "आंघोळ न करता पावडर थापायची, झालं," असं म्हणायचा. त्याचं सगळं काम म्हणजे वासाचं मूळ शोधून ते उपसून काढायचं. सीट बाहेर, कार्पेट बाहेर, त्याच्याखालचं जाड फेल्ट बाहेर. कुठे खायचा सोडा चोळून ठेव, कुठे व्हिनेगरच्या पाण्यानं पूस, कुठे वाफ मार, पंख्याच्या नळीत मेलेला उंदीर असेल तर कोपरापर्यंत हात घालून तो काढ. मग दोन दिवस आत कोळशाची घमेली ठेवून काचा बंद. तिसऱ्या दिवशी परत दुपारी आत बसायचं. बाहेर येऊन एकच शब्द बोलायचा, "गेला." तो शब्द आल्याशिवाय मालक गाडी पुढे लावत नसे. आणि वास राहिला असेल तर मालकानं कितीही डोकं आपटू दे, हा माणूस 'गेला' म्हणायचा नाही. एकोणीस वर्षांत मी त्याला या बाबतीत एकदाही खोटं बोलताना ऐकलं नाही.

दुसऱ्याचं खोटं मात्र आपल्याला नाकानं कळतं, असा त्याचा दावा होता. "मालक, तुम्ही थाप मारायला लागलात की तुमच्या घामाला गंजाचा वास येतो," म्हणायचा. आम्ही हसायचो. मालक हसायचा, पण दोन पावलं लांब उभा राहून.

कार्पेट परत बसवताना कडा उसवलेल्या असायच्या. मी म्हटलं, आण इकडे, मशीनवर दोन मिनिटांत मारून देतो. तर नको. "तुझ्या मशीनच्या तेलाचा वास लागतो." मी म्हटलं, उगाच नाकानं कांदे सोलू नकोस. पण तो हातानंच शिवत बसायचा. माझ्याकडे जाड पिवळ्या दोऱ्याचं एक भलं मोठं रीळ चुकून आलं होतं. पिवळ्या दोऱ्याची सीट कोण घेतो? ते मी त्याला देऊन टाकलं. त्याचे टाके असे वाकडे, एक लांब, एक आखूड, एक वर चढलेला, की मला बघवायचे नाहीत. पण ते सीटच्या खाली लपायचे, कोणाला दिसायचे नाहीत. माझं उलटं. मी सीट बोल्ट खोलून बाहेर काढल्याशिवाय कव्हर चढवतच नाही. वरच्यावर ओढून चढवणाऱ्यांना मी टेलर म्हणत नाही. हे मी इतक्या वेळा इतक्या जणांना ऐकवलं आहे की आवारातलं कुत्रंसुद्धा सांगेल.

नाकोबाला एकच मुलगी. तिला तो माऊ म्हणायचा. शाळा सुटली की ती आवारात यायची आणि माझ्या खोलीत चिंध्यांच्या ढिगात बसून अभ्यास करायची, कारण बापाच्या खोलीत कधी काय सडलेलं असेल सांगता यायचं नाही. मला काका म्हणायची. माझ्या कात्रीनं तिनं बाहुल्यांचे किती कपडे कापले याला गणती नाही. पुढे ती शिक्षिका झाली, लग्न झालं, जावई चांगला सरळ मुलगा मिळाला. फक्त शाळा लांब. दोन बस बदलून जायचं, दोन बदलून यायचं. कधी बस चुकायची, मग भर उन्हात तासभर थांब. नाकोबाला ते फार लागायचं. "जन्मभर लोकांच्या गाड्या धुतल्या, पोरीला एक गाडी देऊ शकलो नाही," असं वर्षातून चार वेळा म्हणायचा.

आता त्या गाडीचं सांगतो.

कुठल्याशा नदीकाठच्या गावात पूर आला होता आणि मालकानं तिकडून एक पांढरी गाडी उचलून आणली. दार उघडलं तेव्हा मीसुद्धा मागे सरलो. नाकोबाला आत बसायची गरजच पडली नाही. "मालक, ही बुडलेली आहे. सीटच्या वरपर्यंत पाणी होतं. हिच्या वायरी बदलल्याशिवाय विकू नका."

मालक म्हणाला, "चालू होते की नाही? होते. तू वास घालव. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मी सांगेन."

नाकोबा माझ्याकडे येऊन बसला. "मी माझं सांगितलं," म्हणाला. मी म्हटलं, "बरोबर आहे, आपण आपलं काम करावं." असं आम्ही दोघांनी एकमेकांचं समाधान करून घेतलं. नोकरी दोघांनाही हवी होती, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

अकरा दिवस तो त्या गाडीला भिडला होता. सगळं फेल्ट फेकून नवं घातलं. छताचं कापड सोलून धुतलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढले आणि घासले, कारण चिखलाची रेघ तिथे राहते आणि जाणकार माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो. सीटांचा फोम मी बदलला. मध्येच त्याच्या तोंडावर असं काही तेज यायचं की मला त्याचा राग यायचा. खरं तर त्याला गंमत वाटायला लागली होती. इतका वाईट वास त्याला कधी भेटला नव्हता आणि तो हरायला तयार नव्हता. बाराव्या दिवशी दुपारी तो आत बसला तो अर्धा तास बाहेर येईना. मी घाबरून दार उघडलं. डोळे मिटून बसला होता. म्हणाला, "काही नाही रे. काहीच नाही. नवी असताना पण हिला एवढा कमी वास नसेल."

मालकानं ती गाडी दुसऱ्या गावच्या एका व्यापाऱ्याला दिली. गिऱ्हाइकाला काय सांगितलं, ते आम्ही विचारलं नाही.

दोन वर्षं गेली. एके दिवशी जावई आणि माऊ एक गाडी घेऊन आवारात आले. जावयाच्या ओळखीतला कोणीतरी विकत होता. पांढरी, पाच वर्षांची, या जातीच्या गाड्या रस्त्यावर शंभर दिसतात. माऊ म्हणाली, "बाबा, तुम्ही बघितल्याशिवाय घेणार नाही. मेकॅनिककाकांनी चालवून बघितली, चांगली आहे म्हणाले. पण तुम्ही बसा."

नाकोबाला गाड्यांचे नंबर कधी लक्षात राहिले नाहीत, रंग नाहीत, मालकांची तोंडं नाहीत. दहा वर्षांपूर्वीची गाडी परत आली तरी तो वासावरून ओळखायचा. त्यानं गाडी उन्हात लावली, काचा बंद केल्या, आत बसला. सगळं नेहमीसारखं केलं, सीटखाली डोकंसुद्धा घातलं, पण अंधारात त्याला डोळे कशाला हवेत, तो हुंगत होता. बाहेर आला तेव्हा चेहरा असा फुललेला, मी तो तसा कधी बघितला नव्हता. "घ्या," म्हणाला. "डोळे झाकून घ्या. इतकी स्वच्छ गाडी मी जन्मात बघितली नाही."

पाच वर्षं माणसांनी वापरलेली गाडी, आणि तिला कसलाच वास नाही. दुसऱ्या कोणाची असती तर एवढ्यावरूनच त्याला संशय आला असता. पण ती माऊची होणार होती. पोरीला काही चांगलं मिळतंय म्हटल्यावर त्यानं नाकाला पुढचं विचारलंच नाही.

कव्हरं माझ्याकडून भेट, असं मी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात. मी ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट खोलले, सीट उचलून बाहेर काढली, आणि कार्पेटच्या कडेला पिवळा दोरा दिसला. एक टाका लांब, एक आखूड, एक वर चढलेला.

मी सीट उलटी केली. आतला फोम माझाच होता.

बाहेर माऊ चहा घेऊन आली होती. नाकोबा तिला सांगत होता की गाडीत खायचं नाही, खाल्लं तर पुसायचं, आणि कुत्रं पाळलंत तर मी घरी येणार नाही. ती हसत होती. "बाबा, तुम्ही आता गाडीला पण नावं ठेवा," म्हणत होती. मी सीट हातात धरून उभा होतो. मला माहीत होतं की आत्ता बोलायला पाहिजे. मला हेही माहीत होतं की बोललो तर मालकापर्यंत जाईल, तो म्हणेल टेलरला तोंड फुटलं, आणि या वयात मला दुसरं आवार मिळायचं नाही. आणि समोर तो एवढा खूष. मी स्वतःला म्हटलं, दोन वर्षं चालली आहे, आणखी चालेल. म्हटलं, उद्या त्याला एकट्याला गाठून सांगतो. मग सीट परत बसवली आणि बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी सांगणं जिवावर आलं. तिसऱ्या दिवशी आणखी. महिना झाल्यावर तर आता काय सांगायचं असं झालं. माऊ गाडीनं शाळेत जात होती, दमत नव्हती, रविवारी आईबापाला फिरवून आणत होती. मी गाडी दिसली की आत जाऊन मशीन चालू करायचो.

सातव्या महिन्यात ती शाळेतून परत येत होती, एकटी. उतारावर गाडीतलं सगळं एकदम बंद पडलं. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. समोर उभ्या असलेल्या ट्रकच्या मागच्या बाजूवर गाडी गेली. एअरबॅग उघडली नाही. तिचा मणका मोडला. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले, आणि मग कमरेखालचं काय ते सांगितलं.

दवाखान्याच्या त्या लांब बोळात जावई भिंतीला टेकून बसला होता. नाकोबा दिसल्यावर उठला. आवाज न चढवता, खरंच कळत नसल्यासारखं त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही तर आत बसून बघितली होती ना?" नाकोबानं नुसती मान हलवली. मी शेजारीच होतो. उत्तर मला ठाऊक होतं.

आमच्या मेकॅनिकनं भंगारवाल्याकडे जाऊन मोडकी गाडी बघितली. डॅशबोर्डच्या मागे वायरींच्या सगळ्या जोडांवर हिरवा गंज आणि वाळलेला गाळ. तो सरळ माणूस, येऊन सरळ सांगितलं, "नाकोबा, ही गाडी पुरातली होती."

नाकोबा चालत भंगारवाल्याकडे गेला. काय शोधायचं ते त्याला तेव्हाच कळलं असणार. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या मुठीत वीतभर पिवळा दोरा होता. माझ्या टेबलावर ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन सामान बांधायला लागला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मालकानं माणूस पाठवला, निरोप पाठवले. मग स्वतः गेला. नाकोबानं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, शिवी न देता.

माऊला बापाच्या घरी आणलं. जावयाचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि दिवसभर तिला बघायला तिथे कोणी नाही. जावई आधी रोज यायचा, नंतर दिवसाआड, आता रविवारी येतो. मी त्यालाही दोष देत नाही. दोष द्यायला मी कोण?

वहिनींना, म्हणजे नाकोबाच्या बायकोला, एकट्यानं माऊला उचलणं झेपत नाही, म्हणून सगळं तो करतो. कूस बदलणं, पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं. पाठीवर जखम झाली आहे, ती भरत नाही. त्या खोलीत जो वास आहे तो मी सांगणार नाही. नाकोबा दिवसातून तीन वेळा फरशी पुसतो. कॉटखाली सोडा पसरतो, कोपऱ्यात कोळशाची घमेली ठेवतो, चादरी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवतो. जगातला कुठलाही वास घालवणाऱ्या माणसानं तिथे हात टेकले आहेत, कारण या वासाचं मूळ उपसून काढता येत नाही. ते त्याचं लेकरू आहे.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. नाकोबा मोरीत चादर पिळत होता. माऊनं मला जवळ बोलावलं. चेहरा एवढासा झालाय तिचा. हळूच म्हणाली, "काका, खरं सांगा. माझा वास येतो का हो?"

मी म्हटलं, "छे ग, कसला वास?"

"बाबा पण तेच म्हणतात. रोज विचारते. रोज म्हणतात, गेला."

मी मान खाली घातली. पंचवीस गाड्या अडून राहिल्या तरी जो शब्द त्यानं कधी खोटा उच्चारला नाही, तो आता रोज सकाळी खोटा उच्चारतो.

निघालो तेव्हा तो बादली घेऊन दारापर्यंत आला. दार ओढून घेतलं, माऊला ऐकू जाऊ नये म्हणून. मग म्हणाला, "एक विचारू? इतके दिवस विचारलं नाही."

"विचार की."

"कव्हरं चढवलीस तेव्हा सीटा काढल्या होत्यास का रे?"

आवारातलं कुत्रंसुद्धा सांगेल असं मी मघाशी म्हटलं. ते त्यालाही माहीत. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. मला वाटतं मी हो म्हणावं असंच त्याला हवं होतं. हो म्हटलं असतं तर तो त्या गाडीखाली एकटा राहिला नसता, आम्ही दोघं झालो असतो. हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी फक्त सुटायचं बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "घाईत होतो. वरच्यावरच चढवली."

तो माझ्या अगदी जवळ उभा होता. त्यानं डोळे मिटले आणि नाकानं एक सावकाश, लांब श्वास घेतला, बंद गाडीत बसल्यावर घ्यायचा तसा. मग डोळे उघडले.

"बरं," म्हणाला, आणि बादली उचलून आत गेला.

मी अजून दर रविवारी जातो. न जाणं शोभायचं नाही. तो मला खुर्ची देतो, वहिनी चहा देतात, माऊ शाळेच्या गोष्टी काढते. जखमेला वारा लागू नये म्हणून त्या खोलीची खिडकी बंद असते. जावई आला, शेजारीण आली, डॉक्टर आले, तरी ती बंदच असते. मी जाऊन बसलो की नाकोबा उठतो, माऊच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत नीट ओढतो, आणि खिडकी उघडतो.